दाभोळ : हजच्या वाटेवरचे बंदर

दापोलीहून दाभोळला जाणारा रस्ता पंचवीस-तीस किलोमीटर डोंगरमाथ्यावरून वळणे घेत जातो आणि शेवटी एकदम उतरणीला लागतो. माडांच्या शेंड्यांमधून वाशिष्ठीची रुंद खाडी दिसू लागते. खाली धक्क्यावर गाड्यांची रांग असते. समोरच्या काठावर गुहागर तालुक्यातले धोपावे, त्याच्या पश्चिमेला अंजनवेल आणि त्यावर राखण करीत बसलेला गोपाळगड. दाभोळ आणि धोपावे या दोन गावांमध्ये पाणी आहे ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचे. पण २००३ साली फेरीबोट सुरू होईपर्यंत चारचाकी गाडीला पलीकडे जायचे तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडायचा. माणसे होडीने जात, गाडीला मात्र इलाज नव्हता. कोकणात या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. तिचे फळकूट खाली टेकते, आधी मोटारसायकली, मग मोटारी, मग एखादा ट्रक असे सगळे तिच्यात शिरते आणि दाभोळ मागे पडते.

बहुतेक पर्यटकांचे दाभोळ एवढेच. गुहागरला, वेळणेश्वराला, हेदवीला जायच्या वाटेवरचा एक धक्का. देशात आणि परदेशात हे नाव ज्यांना माहीत झाले, त्यांना ते एन्रॉनमुळे. गंमत अशी की तो वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, तो पलीकडच्या काठावर अंजनवेल-वेलदूरला आहे. अमेरिकी कंपनीला नाव हवे होते, ते तिने खाडी ओलांडून उचलले. कंपनी बुडाली, आणि दाभोळचे नाव मात्र एका आर्थिक घोटाळ्याला कायमचे चिकटले. ज्या गावाची बोरू-शाईतली ख्याती इराणपासून रशियापर्यंत पोचली होती, त्या गावावर हा अन्यायच झाला.

धक्क्यापासून जवळच, पाण्याच्या कडेला, माडांच्या गर्दीत एक मशीद उभी आहे. कोकणातल्या बहुतेक जुन्या मशिदी कौलारू, उतरत्या छपराच्या, दुरून पाहिल्या तर एखादे मोठे घर वाटाव्या अशा असतात. इथल्या पावसाला तेच छप्पर मानवते. दाभोळची मशीद मात्र तशी नाही. काळ्या दगडाची, मिनारांची आणि मधोमध मोठा घुमट असलेली ही इमारत थेट विजापूरच्या घराण्यातली आहे. घुमटाची उंची सुमारे ७५ फूट भरते. विजापूरच्या उघड्या पठारावर अशा इमारती शोभून दिसतात. इथे ती माडांच्या सावलीत, खाऱ्या वाऱ्यात उभी आहे, जणू कोणी घाटावरचे पाहुणे प्रवासाला निघाले आणि इथेच राहून गेले.

गावातली कथाही तशीच आहे. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये ती नोंदवलेली सापडते. विजापूरची एक शहजादी, तिचे नाव आयेशाबीबी, हजला जाण्यासाठी १६५९-६० च्या सुमारास दाभोळला आली. बरोबर वीस हजार घोडेस्वार आणि पंधरा लाख रुपये. जहाजे तयार होती, पण समुद्रावर चाच्यांचा सुळसुळाट होता. पुढे जाणे धोक्याचे ठरले. मग तिने काजी आणि मौलवींचा सल्ला घेतला आणि हजसाठी आणलेला पैसा मशिदीला लावला. कामिलखान नावाच्या कारागिराने चार वर्षांत काम पुरे केले. घुमटाला सोन्याचा मुलामा होता, वरचा चाँद सोन्याचा होता आणि मशिदीच्या खर्चाला आठ गावांचे उत्पन्न लावून दिले होते, असेही ही कथा सांगते. शहजादीला लोक आदराने माँसाहेबा म्हणत, म्हणून मशिदीचेही एक नाव तेच पडले.

कथेतले आकडे जसेच्या तसे घ्यायचे कारण नाही. १६५९ हे अफजलखानाच्या मोहिमेचे वर्ष. त्या मोहिमेसाठी विजापूरने दिलेले घोडदळ दहा-बारा हजारांच्या आसपास मानले जाते. ज्या दरबाराला लढाईसाठी इतकेच स्वार जमले, त्याने यात्रेला वीस हजार दिले असतील, हे पटत नाही. पण लोककथेतल्या आकड्यांचे काम मोजदाद करण्याचे नसतेच. ती बाई किती मोठी होती आणि तिला परत फिरावे लागले ही गोष्ट किती मोठी होती, एवढेच ते सांगत असतात. इतके स्वार, इतका पैसा, आणि तरी पाण्यापाशी येऊन थांबावे लागले.

रमजानच्या दिवसांत ही मशीद पाहताना नेमका हाच प्रश्न समोर येतो. ती थांबली ते बरोबर केले का?

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. हज हे इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक, पण ते सर्वांवर सरसकट बंधनकारक नाही. ज्याला तिथवर पोचण्याची ऐपत आहे, त्याच्यावरच ते फर्ज होते, असे कुरआन सांगते. ऐपत म्हणजे नुसता पैसा नव्हे. शरीर धड हवे, मागे राहणाऱ्यांची सोय हवी आणि वाट सुरक्षित हवी. समुद्रमार्गाबद्दल शास्त्र्यांनी फार बारकाईने लिहून ठेवले आहे. सुखरूप पोचण्याची शक्यता जास्त असेल तर जहाजाने जावे, बुडण्याची किंवा लुटले जाण्याची शक्यता जास्त असेल तर हज फर्ज राहत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, एकदा फर्ज झालेला हज मशीद बांधून फिटत नाही. दानधर्म वेगळा, हज वेगळा. म्हणजे त्या काजी-मौलवींपुढे सोपा सवाल नव्हता. बाईसाहेबांना बरे वाटेल असे काहीतरी सांगून मोकळे होण्याची ती वेळ नव्हती. समुद्र किती धोक्याचा आहे, याचा निवाडा त्यांना करायचा होता.

आणि समुद्र खरोखरच धोक्याचा होता. पोर्तुगीज आल्यापासून अरबी समुद्रावर जहाज हाकायचे तर त्यांचा परवाना घ्यावा लागे. त्याला कार्ताज म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त, माल जप्त, माणसे त्यांच्या मर्जीवर. अकबराच्या दरबारातले मोठे शास्त्री मखदूम-उल-मुल्क यांनी तर हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर सध्या हज फर्ज नाही, असाच फतवा दिला होता. कारण जमिनीची वाट इराणच्या शियांच्या मुलखातून जाते आणि समुद्राच्या वाटेसाठी फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, ज्यावर मेरी आणि येशू यांची चित्रे असतात. या फतव्यात भक्ती किती आणि सोय किती, यावरून त्या वेळीही लोक कुजबुजले. पण परवाना घेऊनही भागत नसे. १६१३ साली पोर्तुगिजांनी सुरतेजवळ ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज पकडले. त्यावर हजचे यात्रेकरू होते. जहाज होते बादशहा जहांगीरच्या आईचे, मरियम-उज-जमानीचे. ती आमेरच्या राजपूत घराण्यात जन्मलेली. राजपूत माहेरची राजमाता हज यात्रेकरूंना नेणारे जहाज चालवते आणि ते ख्रिस्ती शिपाई पकडतात, एवढे सगळे त्या एका जहाजात होते. पुढे १६९५ साली औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हज करून परतणाऱ्यांना घेऊन येत असताना इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने लुटले. बादशहाच्या जहाजांची ही गत, तर विजापूरच्या शहजादीला चाच्यांची भीती वाटली यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट होती, जी आज विमानाच्या काळात ध्यानातही येत नाही. वारा. दाभोळहून तांबड्या समुद्राकडे निघणारी जहाजे थंडी सरता सरता, ईशान्येचा वारा असेपर्यंत निघत. एकदा नैऋत्येचा पावसाळी वारा सुटला की बंदर बंद. परतीची जहाजे त्या वाऱ्याचा जोर ओसरल्यावर, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास घरी येत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात, त्यामागेही हेच गणित आहे. पण हजचा महिना चांद्र कालगणनेचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, जसा रमजान सरकतो. वारा आपली जागा सोडत नाही आणि हज एका जागी थांबत नाही. दोघांची गाठ चांगली पडली तर यात्रेकरू सात-आठ महिन्यांत घरी परते. नाही पडली तर जिद्दा-मक्केत महिनोन् महिने वाट पाहत राहावे लागे. म्हणून हजला निघालेला माणूस निघण्यापूर्वी कर्ज फेडी, भाऊबंदांची माफी मागे आणि घरच्यांचा निरोप असा घेई की पुन्हा भेट झाली तर ती अल्लाची मेहेरबानी.

दाभोळला हे निरोप नवे नव्हते. शहजादी येण्याच्या दोनशे वर्षे आधीच हे बहमनी राज्याचे समुद्राकडचे दार होते. १४५३ च्या सुमारास इराणच्या गिलान प्रांतातून आलेला एक व्यापारी इथे उतरला. त्याला बिदरला जाऊन एका सुफी संताचे दर्शन घ्यायचे होते. तो गेला आणि परत आलाच नाही. पुढे त्याने बहमनी राज्याचा कारभार सांभाळला, बिदरला मोठा मदरसा बांधला आणि १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या कारस्थानात बळी गेला. तो महमूद गावान. आज बिदरच्या मदरशासमोर उभे राहून फोटो काढणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते की, त्याचे दख्खनमधले पहिले पाऊल दाभोळच्या रेतीत पडले होते!

दुसरा पाहुणा त्याहून विलक्षण. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन १४७० च्या आसपास चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, त्यामुळे रायगडकरांना तो माहीत आहे. पण तो परत गेला तो दाभोळहून, हे कमी जणांना माहीत असते. येताना व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके पळवली होती. पुस्तके गेली आणि आपले ख्रिस्ती सणवार, उपवास कधी येतात याचा हिशेबच तुटला. मग त्याने काय करावे? आजूबाजूचे मुसलमान उपवास करीत, तेव्हा त्यानेही उपवास धरले. आपला धर्म त्याने सोडला नाही, जुन्नरला एका सरदाराने त्यासाठी त्याचा घोडा अडकवून ठेवला तरी सोडला नाही. पण परमुलखात उपवासाला सोबत मिळाली ती रोजेदारांची. दाभोळबद्दल तो लिहितो की हे फार मोठे बंदर आहे, मिसर, अरबस्तान, खुरासानचे घोडे इथे येतात. होर्मुझपर्यंतचे भाडे त्याने दोन सोन्याची नाणी दिले. आणि जहाजात चढलो ते मुसलमानांच्या उपवासाच्या दिवसांत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे दाभोळच्या रमजानचा एक जुना साक्षीदार रशियन ख्रिस्ती आहे. जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले, तिथून मस्कत, मग होर्मुझ. मायदेशाकडे निघाला, पण आपल्या गावी त्वेरला पोचण्याआधीच वाटेत वारला.

दाभोळच्या आणखी एका रमजानची नोंद मात्र सुखाची नाही. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. सूड घ्यायला तो दीवकडे निघाला आणि वाटेत डिसेंबरच्या अखेरीस दाभोळवर उतरला. बाया, मुले, म्हातारे असा काहीही विचार न करता कत्तल झाली, गाव जाळले गेले. दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो, असा शाप त्यानंतर या किनाऱ्यावर रूढ झाल्याचे जुन्या इतिहासकारांनी लिहिले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तारखा २९ ते ३१ डिसेंबर अशा येतात. त्या हिजरी कालगणनेत बसवल्या तर हिजरी ९१४ च्या रमजानचा पहिला आठवडा निघतो. म्हणजे त्या दिवशी घराघरांत रोजे होते. जळालेल्या गावात हिंदू होते, मुसलमान होते, अरब आणि इराणी व्यापारी होते. आग लावणाऱ्यांनी कोणाला धर्म विचारल्याची नोंद नाही.

तरीही दाभोळ पुन्हा उभे राहिले. आदिलशाहीत मोखा आणि जिद्द्याशी त्याचा व्यापार चालू होता. अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणात मुसंडी मारली, तेव्हा हे बंदर स्वराज्यात आले. बंदर म्हणजे जकात, जकात म्हणजे आरमाराला पैसा. त्या काळातल्या सगळ्याच राजवटींना दाभोळ हवे होते ते यासाठी. नंतर पलीकडच्या काठावर सिद्दी आला, त्याच्याकडून तुळाजी आंग्र्यांनी किल्ला घेतला आणि त्याला गोपाळगड नाव दिले. मग पेशवे, मग इंग्रज. मोठी जहाजे मुंबईकडे वळली आणि दाभोळचे महत्त्व ओसरले. आठ गावांचे उत्पन्न गेले, सोन्याचा चाँद गेला. मशीद राहिली.

समुद्राने या किनाऱ्याला आणखी एक गोष्ट दिली, ती दगडाची नाही म्हणून दिसत नाही. महाराष्ट्रातले घाटावरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे, तर कोकणी मुसलमान शाफई. शाफई पंथ येमेन, हद्रामौतचा, केरळच्या मोपल्यांचा, भटकळच्या नवायतांचा, थेट इंडोनेशियाचाही. नकाशावर पाहिले तर ही सगळी एकाच समुद्राच्या काठची माणसे आहेत. घाटावरचा इस्लाम बराचसा उत्तरेकडून जमिनीवरून आला, कोकणातला अरबांच्या जहाजांतून. रमजानमध्ये हा फरक कानांनी ऐकू येतो. महिना अर्धा सरला की शाफई मशिदींत वित्रच्या नमाजात कुनूतची दुआ म्हटली जाते. हनफी मशिदीत ती वर्षभर असते, पण तिची पद्धत वेगळी. शाफईंमध्ये रोजाची नियत दररोज रात्रीच, सहरीची वेळ संपण्याआधी करावी लागते. हनफींना सकाळीही थोडी सवड असते. पुण्या-सोलापूरहून आलेली सून पहिल्या रमजानला थोडी गोंधळते आणि मग सासूच्या पद्धतीला सरावते किंवा आपलीच चालू ठेवते. दोन्ही चालते.

हीच देवघेव भाषेतही आहे, आणि ती सर्वांची आहे. बंदर हा शब्द फारसी. लंगर फारसी. नाखवा हा फारसीतल्या नाखुदाचा कोकणी अवतार, म्हणजे जहाजाचा मालक किंवा तांडेल. खलाशी अरबी, सुकाणू अरबीतून आलेला, आणि ज्या मोसमावर सारे अवलंबून, तो मोसमही अरबी. कोळी, खारवी, भंडारी, दालदी, सगळ्यांच्या तोंडी हेच शब्द. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी बंदरावर उतरला म्हणतो, तेव्हा तो फारसी बोलतो आहे, असे त्याला कोणी सांगायला जात नाही.

विसाव्या शतकात दाभोळच्या धक्क्याने आगबोटींचा काळ पाहिला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे करीत गोव्याकडे जाई. दाभोळला उतरून खाडीतून लाँचने चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जाता येई. पावसाळ्यात सारे बंद. अनेक बंदरांत बोट लांब उभी राही आणि पडावातून, बायामुलांना हाताला धरून, किनाऱ्यावर आणावे लागे. भीती तेव्हाही होती. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. ती अमावास्या होती, दोनच दिवसांत रमजान सुरू झाला. मुंबई आणि कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला त्या वर्षीचा श्रावण आणि रमजान सुतकातच गेला.

हजसाठी दाभोळहून थेट जहाज जाणे केव्हाच बंद झाले होते. कोकणातला यात्रेकरू आधी मुंबई गाठी आणि मग मुघल लाइनच्या बोटीने जिद्दा. प्रवास आठवडाभराचा, कधी त्याहून जास्त. डेकवर वळकट्या पसरलेल्या, घरून आणलेले तांदूळ, सुकी मासळी, लोणचे, आणि येताना जमजमच्या पाण्याचे पत्र्याचे डबे. म्हातारी माणसे परत न येण्याच्या तयारीनेच जात, काहीजण कफनाचे कापड बरोबर नेत. १९९५ मध्ये सरकारने समुद्रमार्गाची हजयात्रा बंद केली. आता मुंबईहून विमानाने काही तासांत जिद्दा. वाट सुरक्षित झाली. शास्त्र्यांनी घातलेली ती एक अट निकालात निघाली. उरली ती पैशाची आणि नंबर लागण्याची. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत निघते. कोकणातल्या एखाद्या घरात वर्षानुवर्षे साठवलेला पैसा तयार असतो, पासपोर्ट तयार असतो आणि नाव निघत नाही. शहजादीसारखे धक्क्यावर येऊन थांबलेले लोक आजही आहेत, फक्त त्यांच्या धक्क्याला आता पाणी लागत नाही. कोणी मग रमजानमध्ये उमरा करून येतो. कोणी तेवढा पैसा भावाच्या मुलीच्या लग्नाला, गावातल्या विहिरीला, कोणाच्या दवाखान्याच्या बिलाला लावतो आणि पुन्हा पहिल्यापासून जमवायला लागतो. तो कोणाला सांगत नाही, आणि त्याच्या नावाचा घुमटही उभा राहत नाही.

दाभोळला जायचे तर दिवस हाताशी ठेवून जावे. मशीद पाहायची तर नमाजाच्या वेळा सोडून, चपला बाहेर काढून, डोके झाकून. रमजानमध्ये दुपारची वेळ शांत असते. नंतर चंडिकादेवीच्या देवळात जावे. हे देऊळ जमिनीखालच्या गुहेत आहे. वाकून आत शिरावे लागते आणि आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडातच देवीचे दर्शन घ्यायचे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्याला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. थोडे थांबले की मूर्ती दिसू लागते. पाण्याकाठी उंच घुमट आणि डोंगराच्या पोटात गुहेतली देवी, हे एका छोट्या गावाचे वैभव आहे. दोन्ही पाहून झाल्यावर धक्क्यावर यावे.

संध्याकाळची फेरी पकडली तर खाडीच्या मुखाशी सूर्य बुडताना दिसतो. बोटीवर एखादा रोजेदार असलाच, तर तो घड्याळाकडे आणि काठावरच्या मशिदीकडे कान देऊन उभा असतो. प्रवाशाला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, पण ती लांबच्या प्रवासाला. दहा मिनिटांची खाडी त्यात बसत नाही. अजान झाली की तो खिशातली पुडी सोडतो. दोन खजुरा तोंडात टाकतो आणि शेजारच्यापुढे पुडी धरतो, मग तो कोणी का असेना. घोड्यांबरोबर अरबस्तानची खजूरही या खाडीत गलबतांनी यायची. आता ती वाशीच्या बाजारातून टेम्पोने येते.

इफ्तारनंतर गावातल्या घरांत तांदळाच्या भाकऱ्या, मासळीचे कालवण, कधी सांदण. घरात पुरुष कमीच असतात. कोणी मालवाहू जहाजावर, कोणी कुवेतला, कोणी दुबईत. समुद्राची नोकरी या घरांची पिढीजात, फक्त मोसमाच्या जागी आता करार आला आहे. सहा महिने, नऊ महिने, दोन वर्षे. ईदचा चाँद आखातात बहुधा एक दिवस आधी दिसतो. त्यामुळे एकोणतिसाव्या किंवा तिसाव्या रोजाला सकाळीच फोन वाजतो. पलीकडून ईद मुबारक म्हणणारा नवे कपडे घालून उभा असतो आणि व्हिडिओवर मुलांना मिठाई दाखवत असतो. इकडे घरातल्यांचा रोजा असतो. शिरखुर्म्यासाठी दूध अजून आटायचे असते, शेवया भाजायच्या असतात. दुसऱ्या दिवशी इथे ईद होते, तेव्हा तो तिकडे कामावर गेलेला असतो.